विसरणारा डोळा

आईच्या उशाशी एक रेडियमचा गणपती आहे. वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाबाहेर कधीकाळी घेतलेला, बोटभर उंचीचा, प्लॅस्टिकचा. दिवसा तो पिवळट आणि अगदी मामुली दिसतो. रात्री ट्यूबलाइट मालवली की हिरवट उजेडाने भरून येतो, आणि मग हळूहळू, नेमका केव्हा विझला हे सांगता येऊ नये इतक्या हळूहळू, अंधारात मिसळून जातो. ‘बारापर्यंत जागा असतो, मग तोही झोपतो,’ असे आई म्हणते.

पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी तेहेतीस वर्षे गेली. त्यामुळे या गणपतीत रेडियम औषधालाही नाही, हे मी आईला अनेकदा सांगितले आहे. आत असते ते तांब्याचा अंश मिसळलेले झिंक सल्फाइड किंवा त्याच जातीचे दुसरे एखादे रसायन. प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन जागचे उठतात. काही लगेच परत येतात, काही स्फटिकातल्या खाचखळग्यांत अडकून बसतात. तिथून एकेक सुटत जातो तसतसा उजेड बाहेर पडत राहतो. थोडक्यात, हा गणपती उजेड लक्षात ठेवतो आणि मग विसरतो. आई यावर मान डोलावते आणि पुढच्या वेळी पुन्हा ‘माझा रेडियमचा’ म्हणते. असो.

हा गणपती रविवारच्या पुरवणीत आणण्याचे कारण वेगळे आहे. गेल्या पावसाळ्यात आई पडली. वय शहाऐंशी, वाईच्या जुन्या घरात एकटी, रात्री दोनच्या सुमारास पाणी प्यायला उठली आणि माजघरात पाय सरकला. खुबा वाचला, मनगट मोडले. पण साडेसहाला कामाच्या बाई येईपर्यंत ती फरशीवर पडून होती. साडेचार तास. नंतर मी तिला विचारले, ‘काय करत होतीस गं तेवढा वेळ?’ तर म्हणाली, ‘काय करणार? गणपती विझला होता. पालीचा आवाज ऐकत होते.’

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल याचाच क्रमांक लागतो. पण आकडे राहू द्यात. ज्यांच्या घरात एकटे राहणारे म्हातारे माणूस आहे, त्यांना रात्री फोन वाजला की काय होते ते मी सांगायला नको.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. त्याने आठ दिवसांत कॅमेरा पाठवला. माजघराच्या कोपऱ्यात बसवायचा, घराच्या इंटरनेटला जोडायचा, की तिकडे त्याच्या आणि इकडे पुण्यात माझ्या मोबाइलवर आई दिसणार. मागचे तीस दिवसही हवे तेव्हा पाहता येणार. ‘ताई, तू तिला समजाव,’ असा त्याचा निरोप. मी समजवायला गेले. आईने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘म्हणजे मी लुगडं बदलताना, केस विंचरताना, एकटीच बडबडताना, सगळं दिसणार?’ मी म्हटले, ‘अगं, आम्हीच बघणार ना!’ ती म्हणाली, ‘पडले तर कळायला हवं, एवढंच ना? मग दिवसभर बघत कशाला बसायचं?’

मी निरुत्तर झाले. तिचा प्रश्न भाबडा मुळीच नव्हता. संगणकशास्त्रातल्या एका फार मोठ्या प्रश्नाला तिने सरळ हात घातला होता, आणि योगायोगाने त्याच सुमारास मी त्या प्रश्नाचे एक संभाव्य उत्तर डोळ्यांनी पाहून आले होते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी एका प्रयोगशाळेत संशोधन करते. तिने हौसेने मला बोलावले होते. सूक्ष्मदर्शकाखाली एक काच, काचेवर डोळ्याला दिसणारही नाही असा एका धातूच्या ऑक्साइडचा पातळ थर, त्यावर टेकवलेल्या दोन बारीक सुया, आणि वरून येणारा जांभळट निळा प्रकाश. बाजूच्या पडद्यावर थरातून वाहणाऱ्या विजेचा आलेख. तिने क्षणभर प्रकाश पाडला, आलेख उसळला. प्रकाश बंद केला. आलेख खाली आला, पण पुरता नाही. हळूहळू उतरत राहिला. तो उतरायच्या आत तिने दुसरा स्पंद दिला, तर या वेळी उसळी आधीपेक्षा मोठी. मग तिने पाठोपाठ पन्नास स्पंद दिले आणि म्हणाली, ‘मॅडम, आता चहा घेऊन येऊ. परत येऊ तेव्हाही याला आठवत असेल.’ चहा घेऊन आलो. आलेख खरोखरच अजून वर होता.

मला आईचा गणपती आठवला. गणपती अडकलेले इलेक्ट्रॉन उजेडाच्या रूपात परत देतो, ही काच ती आठवण विजेच्या रूपात जपते. हाच तो ‘प्रकाशावर चालणारा कृत्रिम सिनॅप्स’. वर्तमानपत्रांत ‘कृत्रिम मेंदू’ अशा मथळ्याखाली ज्याच्या बातम्या येतात, तो ऐवज हा एवढा. मथळ्याबद्दलची माझी तक्रार पुढे सांगते, आधी सिनॅप्सबद्दल.

आपला मेंदू सुमारे ८६ अब्ज चेतापेशींचा बनलेला आहे. या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, प्रत्येक पेशी स्वतंत्र असते, हे स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहून आणि हाताने चित्रे काढून दाखवले. त्यांना १९०६चे नोबेल मिळाले, तेही कामिलो गोल्जी यांच्याबरोबर विभागून. गोल्जींना हे मत अजिबात मान्य नव्हते! दोन पेशींमधल्या सांध्याला १८९७ मध्ये चार्ल्स शेरिंग्टन यांनी ‘सिनॅप्स’ हे नाव दिले. या सांध्यातली फट असते साधारण २० नॅनोमीटरची, म्हणजे केसाच्या जाडीचा काही हजारावा भाग. निसर्ग नॅनो तंत्रज्ञान केव्हापासून वापरतो आहे, हे यावरून ध्यानात यावे.

शिकणे आणि आठवणे हे सारे या सांध्यांत घडते. गवताच्या माळावरून एक माणूस गेला तर गवत पुन्हा उभे राहते; रोज शंभर जण गेले की पायवाट पडते. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये नेमके हेच चेतापेशींबद्दल मांडले: एक पेशी दुसरीला वारंवार चेतवत राहिली तर त्यांच्यातला सांधा बळकट होतो. १९७३ मध्ये ब्लिस आणि लोमो या दोघांनी सशाच्या मेंदूत ते प्रत्यक्ष मोजून दाखवले. आणि वहिवाट मोडली की पायवाटेवर पुन्हा गवत उगवते. मेंदू विसरतो. आपण त्याला दोष देतो, पण सकाळी भाजीवाल्याच्या गाडीवर किती वांगी होती हे आयुष्यभर लक्षात राहिले असते तर आपले काय झाले असते?

आपला संगणक याच्या नेमका उलट. जॉन फॉन नॉयमन यांच्या १९४५च्या प्रसिद्ध आराखड्यापासून त्याची घडण बदललेली नाही. साठवण एकीकडे, काम दुसरीकडे. कोठीघर वाड्याच्या एका टोकाला आणि चूल दुसऱ्या टोकाला. आमटीत चिमूटभर मीठ टाकायचे तरी कोठीपर्यंत जायचे, आणि चव बघून उरलेले परत ठेवायलाही जायचे. संगणकाची वीज मोठ्या प्रमाणावर खर्च होते ती या येरझाऱ्यांत. मेंदूत मात्र जिथे आठवण तिथेच काम. म्हणून त्याचे सगळे संसारपाणी सुमारे २० वॅटमध्ये भागते. आपल्या घरातला जुना झिरोचा दिवा १५ वॅटचा असे. त्याहून थोडेसेच जास्त.

आता कॅमेऱ्याकडे वळू. भावाने पाठवला तसा साधा कॅमेरा एका चित्रात सुमारे २० लाख ठिपके टिपतो. सेकंदाला पंचवीस चित्रे धरली तर पाच कोटी ठिपके झाले, सेकंदाला. आई दुपारी निजलेली असो की दूरदर्शनवर कीर्तन ऐकत असो, हे पाच कोटी ठिपके बाहेर पडतच असतात. दाबून छोटे केले तरी ते तारेतून आणि हवेतून कुठल्याशा परक्या गावच्या संगणकात जाऊन साठतात, आणि एवढ्या खटाटोपातून आम्हाला हवे असते काय, तर ‘पडली’ की ‘नाही पडली’, हा एक शब्द.

आपल्या डोळ्याची रीत अशी उधळी नाही. दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींहून जास्त. पण तिथून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत धागे आहेत फक्त दहा-बारा लाख. शंभरातले नव्याण्णव डोळ्यातच निस्तरले जाते. कडा कुठे आहे, काय हलले, काय बदलले तेवढेच पुढे जाते. डोळा हा मेंदूचाच पुढे आलेला भाग आहे, असे शरीरशास्त्रज्ञ म्हणतात ते उगीच नाही. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेत कार्व्हर मीड आणि त्यांची विद्यार्थिनी मिशा माहोवाल्ड यांनी नव्वदीच्या दशकाच्या तोंडाशीच सिलिकॉनचे दृष्टिपटल बनवून ही वाट दाखवली होती. मेंदूच्या धर्तीवरच्या संगणनाला ‘न्यूरोमॉर्फिक’ हे नाव मीड यांचेच.

मग हे नवे पदार्थ कशाला? तर सिलिकॉनमध्ये सिनॅप्सची नक्कल करायला एकेका सांध्यामागे बरेच ट्रान्झिस्टर खर्ची पडतात. आणि अंगभूत आठवण त्यांना नाही. नॅनो पदार्थांचे वेगळेपण हे की त्यांच्यात आठवण पदार्थातच असते. लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये केवळ कागदावर मांडलेला, आपल्यातून किती वीज गेली याची याद ठेवणारा ‘मेमरिस्टर’ २००८ मध्ये एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेने टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ थरात दाखवला, तेव्हापासून जगभर या विषयाला बहर आला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही मेमरिस्टरवर बरीच वर्षे काम चालू आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०२४ मध्ये असा एक रेणूंचा थर दाखवला की ज्यात दोन नव्हे तर साडेसोळा हजार वेगवेगळ्या अवस्था ठेवता येतात.

यातल्या प्रकाशाच्या शाखेची जन्मकथा मला फार आवडते, कारण तिची सुरुवात एका खोडीपासून झाली. जपानचे हिदेओ होसोनो यांच्या गटाने २००४ मध्ये इंडियम, गॅलियम आणि झिंक यांच्या ऑक्साइडपासून पारदर्शक ट्रान्झिस्टर बनवले. आज अनेक टीव्हींच्या पडद्यांमागे हाच पदार्थ असतो. पण प्रकाश टिपायला तो वापरावा तर एक अडचण येई. प्रकाश गेला तरी वीज वाहतच राही. आधीच्या चित्राचे भूत पुढच्या चित्रात दिसे. ऑक्सिजनच्या अणूंच्या रिकाम्या राहिलेल्या जागा हे त्याचे कारण. प्रकाशाने तिथले इलेक्ट्रॉन सुटतात, आजूबाजूचे अणू किंचित सरकून बसतात आणि इलेक्ट्रॉनांना घरी परतायची वाट अवघड होते. २०१२ मध्ये सॅमसंगच्या संशोधकांनी विजेचा एक छोटा झटका देऊन ही आठवण पुसण्याची युक्ती काढली. हेतू अर्थातच खोड घालवण्याचा. मग कुणाच्या तरी लक्षात आले, की लक्षात ठेवतो, हळूहळू विसरतो, वारंवार सांगितले तर जास्त काळ लक्षात ठेवतो आणि झटका दिला तर पुसतो, हे वर्णन तर सिनॅप्सचेच झाले! २०१७ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी याच खोडीवर कृत्रिम सिनॅप्स उभा केला. घरातला खोडकर मुलगा पुढे नाव काढतो, तसाच हा प्रकार.

त्यानंतर मंडळी कामाला लागली. ज्यांच्या शोधासाठी २०२३चे रसायनशास्त्राचे नोबेल दिले गेले ते क्वांटम डॉट, म्हणजे काही नॅनोमीटरचे कण, यासाठी सोयीचे पडतात. कणाचा आकार बदलला की तो कोणता रंग टिपेल हेही बदलते. ग्राफिन, मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखे अवघ्या काही अणूंच्या जाडीचे थर आहेत. पेरोव्हस्काइट नावाच्या कुळातले कण प्रकाश अत्यंत चोख शोषतात, पण त्यांतल्या नामांकित प्रकारांत शिसे असते आणि ओल त्यांना सोसत नाही. आपल्या कोकणच्या पावसात त्यांचे काय होईल, याची मला शंकाच आहे. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठात २०१९ मध्ये काळ्या फॉस्फरसवर काम झाले, त्यात एका तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशाने आठवण लिहायची आणि दुसरीने पुसायची, अशी सोय होती. एरवी प्रकाशाने फक्त लिहिता येते आणि पुसायला वीज लागते. ही या क्षेत्राची नेहमीची अडचण आहे.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो व्हिएन्नाचा प्रयोग. तिथल्या तंत्र विद्यापीठाच्या गटाने मार्च २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये तो प्रसिद्ध केला. टंग्स्टन डायसेलेनाइडच्या, काही अणूंच्या जाडीच्या थरापासून बनवलेले अवघे सत्तावीस प्रकाशग्राहक. प्रत्येकाची प्रकाशाला दाद देण्याची ताकद कमीजास्त करता येते, आणि ती शिकवून ठरवली जाते. समोर एन, व्ही, झेड यांपैकी एका इंग्रजी अक्षराचा आकार धरला की तारेतून बाहेर येते ते कोणते अक्षर आहे याचे उत्तर. तेही सेकंदाच्या काही अब्जांश भागांत. चित्र बाहेर येत नाही. ते कुठे साठवलेलेच नसते. माझ्या विद्यार्थिनीच्या काचेसारखी स्वतःची आठवण या उपकरणाला नाही, हे खरे. पण दोन्हींची सांगड घातली तर काय होईल पाहा. ‘पडणे’ ही एका क्षणाची घटना नसते. उभे असलेले काहीतरी क्षणार्धात आडवे होते आणि मग बराच वेळ हलत नाही. हे ओळखायला काही सेकंदांची, फार तर काही मिनिटांची आठवण पुरते. मग ती विरली तरी चालते. नव्हे, विरायलाच हवी.

आईने मागितले होते ते हेच. पडले तर सांगणारा आणि एरवीचे सगळे विसरणारा डोळा.

म्हणूनच ‘कृत्रिम मेंदू’ हा मथळा मला पटत नाही. सत्तावीस ग्राहकांना मेंदू म्हणणे म्हणजे सत्तावीस विटांना शनिवारवाडा म्हणण्यापैकी आहे. पण माझा आक्षेप केवळ अतिशयोक्तीला नाही. मेंदू म्हटला की आपण लगेच ‘किती लक्षात ठेवतो’ हे विचारतो. संशोधकही त्याच मोहात पडतात. या विषयावरचे निबंध वाचले तर त्यांचा शेवट बहुधा ठरलेला असतो. एखाददुसऱ्या उपकरणावर घेतलेली मापे साध्या संगणकात घालायची, जाळ्याचा आभास निर्माण करायचा आणि हाताने लिहिलेले आकडे किंवा माणसांचे चेहरे किती अचूक ओळखता आले, त्याची टक्केवारी द्यायची. आकडे ठीक आहेत, ती जुनी सर्वांना ठाऊक असलेली परीक्षा आहे. पण चेहरेच का? ‘कोणीतरी पडले’ हे ओळखायला चेहऱ्याची गरजच नाही. चेहरा लागतो तो ‘कोण’ हे विचारणाऱ्याला, आणि ते विचारणाऱ्यांत मुलगी क्वचितच असते. स्वस्त, वीज न खाणारे, रंगासारखे भिंतीवर फासता येतील असे डोळे खरोखरच निघाले आणि ते चेहरे ओळखण्यातच तरबेज झाले, तर आईच्या माजघरात आला नाही तो कॅमेरा गावातल्या प्रत्येक खांबावर येईल.

हे मी माझ्या विद्यार्थिनीला मोठ्या आवेशात सांगितले. मी म्हटले, विसरण्याचे वचन कंपनीने कागदावर दिले तर ती उद्या बदलू शकते. सेटिंगमधले बटण कुणीही फिरवू शकतो. पण पदार्थच विसरत असेल तर त्याला लाच देता येत नाही. ती हसली. ‘मॅडम, माझ्या काचेला एक जास्तीची तार जोडली ना, की ती विसरायच्या आत सगळं वाचून दुसरीकडे साठवता येतं.’ माझ्या युक्तिवादातली हवा तिने एका वाक्यात काढली. तेहेतीस वर्षे शिकवल्याचे हे फळ.

पण त्यावर विचार करता मला वाटते, तिने मुद्दा खोडला नाही, तो जागेवर आणून ठेवला. प्रश्न त्या जास्तीच्या तारेचा आहे. उपकरण घडवतानाच चित्राला बाहेर पडायची वाट ठेवायची नाही, उत्तराला तेवढी ठेवायची, असे ठरवता येते. व्हिएन्नाच्या प्रयोगात बाहेर येत होते ते उत्तरच. एकदा कोट्यवधींच्या संख्येने माल बनू लागला की त्यातली तार काढा म्हणून सांगणारे आपण कोण? आज ही उपकरणे बहुतांशी मोजक्याच ठिपक्यांची आहेत. एकासारखे दुसरे वागत नाही. किती महिने टिकतील याची खात्री नाही. म्हणजे बोलायची वेळ हीच आहे.

कायद्यावर विसंबावे, तर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्यानंतर २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. पण एखाद्या व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर त्या कायद्यातून वगळला आहे. ते योग्यही असेल. प्रत्येक घरात सरकार नको. पण याचा अर्थ, लेकाने आईवर लावलेल्या कॅमेऱ्याबद्दल त्या कायद्याला काही म्हणायचे नाही. तिथे आईचा नकार हाच कायदा, आणि मुले प्रेमापोटी तो मोडायला निघालेली असतात. मीही निघाले होते, हे लपवत नाही.

आणखी एक. अत्याधुनिक चिप बनवण्याच्या कारखान्याला हजारो कोटी लागतात, ते आपल्या एखाद्या विद्यापीठाच्या आवाक्यातले नाही. पण ऑक्साइडचा थर काचेवर चढवणे आणि त्याच्या विसरण्याचा वेग मोजणे हे आपल्याकडच्या प्रयोगशाळांत होऊ शकते, होतही आहे. तेव्हा त्यांना माझे मागणे एवढेच, की परीक्षा घ्यायला बाहेरून आलेले चेहरेच का घेता? म्हाताऱ्या माणसाचे पडणे घ्या. चुलीवरून भडकलेली ज्वाळा घ्या. विहिरीच्या काठाशी गेलेले लहान मूल घ्या. आठवण किती दिवस टिकली हे अभिमानाने सांगता, तसे ती किती मिनिटांत पुरती गेली हेही सांगा.

भावाला हे सगळे फोनवर सांगितले. तो संगणकातलाच आहे, त्यामुळे त्याला कळायला वेळ लागला नाही. म्हणाला, ‘ताई, हे बाजारात यायला किती वर्षं? आणि आई किती वर्षांची?’ याला उत्तर नव्हते. रडारवर चालणारी, पडल्याचे ओळखणारी यंत्रे आहेत; मनगटावर बांधायचा पट्टाही असतो. पट्टा आम्ही आणला. आई तो झोपताना काढून ठेवते, कारण त्याचा दिवा डोळ्यावर येतो. गणपतीचा येत नाही.

तूर्त जी व्यवस्था आहे ती आईची स्वतःची. सकाळी सहाला ती रस्त्याकडची खिडकी उघडते. समोरच्या वहिनी दूध घ्यायला दार उघडतात तेव्हा त्यांची नजर आपोआप तिकडे जाते. खिडकी उघडी असली तर त्या काही म्हणत नाहीत. बंद असली तर त्यांच्याकडे दुसरी किल्ली आहे. रात्री दोन ते सकाळी सहा या चार तासांचे काय, हा प्रश्न आहेच. माजघरात आता रात्रभर एक छोटा दिवा असतो, आणि पाण्याचा तांब्या पलंगाशेजारी.

गेल्या आठवड्यात सव्वासहा झाले तरी खिडकी बंद होती. वहिनी ओच्याला हात पुसत धावत आल्या, कुलूप काढले. आई स्वयंपाकघरात गॅससमोर उभी होती. दूध वर यायला लागले होते, आणि ती म्हणे, एवढं उतरवते आणि मग उघडते. भावाचा कॅमेरा खोक्यासकट कपाटावर आहे.